रोजच्या कामातील ख्रिस्ती श्रद्धा

श्रद्धा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे देऊळ, मशीद किंवा चर्च उभे राहते. सणाचा दिवस, धुतलेले कपडे, घंटा, समुदायाचे गाणे. पण माणसाच्या आयुष्याचे दिवस मोजायला बसलो तर त्यांत सणाचे किती आणि कामाचे किती? वर्षातले तीनशे दिवस माणूस चुलीपाशी, यंत्रापाशी, टेबलापाशी नाहीतर रस्त्यावर असतो. जी श्रद्धा तेथे त्याच्याबरोबर येत नाही, ती अडचणीच्या वेळी त्याला कितपत धीर देणार? ख्रिस्ती परंपरेतील काही माणसांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे, आणि त्यांतली बरीचशी माणसे आमच्यासारखीच हातांवर पोट असलेली होती. त्यांच्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

हा विषय घेतल्याचे कळले तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "युनियनच्या माणसाला हे काय सुचले?" प्रश्न रास्त आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि नेमाने प्रार्थना करणाऱ्यांतलेही नाही. शाळा लवकर सुटली; जे काही वाचले ते कामावरून आल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्या वाचनात धर्माविषयी पहिले वाक्य आमच्या कानावर पडले ते मार्क्सचे. १८४४ साली त्याने धर्माला अफूची उपमा दिली, ती आमच्या चळवळीत सगळ्यांना पाठ असते. त्याच परिच्छेदात धर्माला त्याने पिडलेल्या जीवाचा उसासाही म्हटले आहे, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. आम्हांलाही पुष्कळ वर्षे नव्हते. तेव्हा आजच्या व्याख्यानात आमच्यापुढे प्रश्न दोन आहेत. रोजच्या साध्या क्षणांतून ख्रिस्ती माणसाला धीर मिळतो म्हणजे नेमके काय होते? आणि तो धीर त्याला उभे करतो, की गप्प बसवतो?

पहिल्या प्रश्नासाठी मुळापाशी जावे लागते. येशूला मार्कच्या शुभवर्तमानात सुतार म्हटले आहे. तेथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ लाकडाचे आणि बांधकामाचे काम करणारा कारागीर असा होतो. देव माणूस झाला अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेला ते देहधारण म्हणतात. आता देव माणूस झाला असेल, तर तो राजवाड्यात न होता नासरेथसारख्या लहान गावातल्या कामकऱ्याच्या घरी झाला, आणि उपदेश करायला बाहेर पडण्यापूर्वी त्याची बरीच वर्षे रंधा-करवतीच्या संगतीत गेली, हे ओघानेच आले. ही गोष्ट मनात एकदा बसली की कामाचे ठिकाण आणि पूजेचे ठिकाण यांच्यामधली भिंत आपोआप ठेंगणी होते. हातोडा धरलेला हात प्रार्थनेला अपात्र राहत नाही.

येशूची शिकवणही याच मातीतली. त्याने दिलेले दाखले पाहा. पेरणी करणारा शेतकरी, हरवलेले मेंढरू, समुद्रात टाकलेले जाळे, पिठात खमीर कालवणारी बाई. दहा नाण्यांतले एक नाणे हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी दुसरी एक बाई. त्या काळच्या गरिबाच्या घराला उजेड बेताचाच, म्हणून भर दिवसाही दिवा लावावा लागे, असे अभ्यासक सांगतात. ऐकणाऱ्या बायकांनी आदल्या दिवशीच असे घर झाडलेले असणार. म्हणजे देवाचे राज्य कसे असते हे समजण्यासाठी त्यांना दूर कोठे जाण्याची गरज नव्हती. घरी जाऊन पुन्हा केरसुणी हातात घेतली की तो दाखला आठवावा, अशीच ती योजना होती.

या सगळ्या दाखल्यांत आम्हांला सर्वांत जास्त अडवणारा दाखला म्हणजे द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात तो आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूरनाक्यावर जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर नेतो. एक दिनार म्हणजे त्या वेळची एका मजुराची साधारण दिवसाची मजुरी. पुढे तो पुन्हा पुन्हा नाक्यावर येतो, आणि शेवटचा फेरा होतो तो दिवस मावळायला एक तास उरला असताना. तेव्हाही काही माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. त्यांनाही तो नेतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. पहाटेपासून राबलेले साहजिकच कुरकुरतात.

आमच्यासारख्या माणसाला हा दाखला पहिल्यांदा वाचताना राग येतो. समान कामाला समान दाम ही आमची घोषणा, आणि येथे तर एका तासाला बारा तासांचे दाम! पण आमच्या शहरातल्या मजूरनाक्यावर सकाळी दहानंतर जाऊन पाहावे. धडधाकट माणसे मुकादमांनी केव्हाच नेलेली असतात. मागे उरतात ते म्हातारे, आजारातून उठलेले, कडेवर मूल असलेल्या बाया. त्यांनी काम केले नाही, कारण त्यांना कोणी बोलावले नाही. मात्र संध्याकाळी त्यांच्या घरीही तेवढीच तोंडे खायला असतात. दाखल्यातल्या धन्याने घड्याळाऐवजी ती तोंडे मोजली. वेतनाचा करार या तत्त्वावर करता येईल असे आम्ही म्हणत नाही. मालकाच्या मर्जीवर मजुरी सोडणे किती महाग पडते ते आम्ही पाहिले आहे. परंतु किमान वेतनाच्या मागणीमागे, माणसाला निदान दिवस निभावण्याइतके मिळालेच पाहिजे या हट्टामागे, जी भावना असते तिची या दाखल्याशी ओळख आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला यातून धीर मिळतो तो हा, की कोणी नेले नाही म्हणून आपली किंमत शून्य झालेली नाही.

आता एका स्वयंपाकघरात जाऊ. हे स्वयंपाकघर सतराव्या शतकातल्या पॅरिसमधले, अनवाणी कार्मेली नावाच्या संन्याशांच्या मठातले. तेथे काम करणाऱ्या माणसाचे मूळचे नाव निकोला एरमाँ. फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास तो एका गरीब घरात जन्मला. शिक्षण बेताचे. अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, पाने गळून गेलेले एक झाड त्याच्या दृष्टीस पडले. आणखी थोड्या दिवसांनी याला पुन्हा पाने फुटतील, मग फुले, मग फळे, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तेवढ्या विचाराने त्याच्या मनात देवाविषयी जी जाग आली ती पुढे मावळली नाही. झाड साधे होते आणि क्षणही साधाच होता. त्यानंतर काही त्याचे आयुष्य सरळ झाले नाही. तो युद्धावर शिपाई म्हणून गेला, जखमी झाला. पुढे एका बड्या माणसाकडे हुजऱ्या म्हणून राहिला. आपण इतके धांदरट होतो की हातातली प्रत्येक वस्तू फोडत असू, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. १६४० मध्ये तो पॅरिसच्या मठात गेला. विद्या नसल्यामुळे धर्मगुरू होणे शक्य नव्हते. सेवेकरी बंधू म्हणून त्याला घेतले, ब्रदर लॉरेन्स असे नवे नाव दिले, आणि स्वयंपाकघरात पाठवले.

स्वयंपाकाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने ते काम केले, आणि पुढे पाय चालेना तेव्हा मठातल्या लोकांच्या चपला शिवल्या. मठासाठी दारू खरेदी करायला त्याला दूरच्या प्रांतात पाठवीत. व्यवहार कळत नाही, पाय अधू, नावेत इकडून तिकडे जायचे तर पिंपांवरून गडबडत जावे लागे. अशा माणसाने आपल्या कामासाठी एक रीत शोधली. प्रार्थनेची वेळ वेगळी आणि कामाची वेळ वेगळी असे मानायचेच नाही, ही ती रीत. तव्यावरचे अंडे उलटताना ते देवाच्या प्रेमासाठी उलटायचे. जमिनीवर पडलेली काडी उचलायची तीही त्याच्याचसाठी. भांड्यांचा खडखडाट चालू आहे, चार माणसे एकाच वेळी चार गोष्टी मागत आहेत, अशा वेळीही आपण वेदीपुढे गुडघे टेकलेले असताना जितके शांत असतो तितकेच शांत असतो, असे तो सांगे.

हे ऐकायला सोपे वाटते, म्हणून त्याने सांगितलेली अडचणही सांगितली पाहिजे. पहिली सुमारे दहा वर्षे त्याची फार ओढाताणीत गेली. मन ठिकाणावर राहत नसे, आपण फसवे आहोत असे वाटे. यावर त्याचा उपाय असा की, मन भटकल्याचे लक्षात आले की त्याबद्दल स्वतःला फार बोल लावीत बसायचे नाही. चूक कबूल करायची आणि मुकाट्याने परत कामावर यायचे. कारखान्यात नवीन मुलाला हाताखाली घेणारा जाणता कारागीर अगदी हेच सांगतो. धागा तुटला तर रडत बसू नको, जोड आणि पुढे चल.

ब्रदर लॉरेन्स १२ फेब्रुवारी १६९१ रोजी वारला. त्याने ग्रंथ लिहिला नाही. जोसेफ द बोफोर नावाच्या एका धर्मगुरूने १६६६ पासून त्याच्याशी केलेली संभाषणे टिपून ठेवली होती. ती आणि त्याची थोडी पत्रे त्याच्या मृत्यूनंतर १६९२ ते १६९४ या काळात छापली गेली. 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड' या नावाने ते लहानसे पुस्तक इंग्रजीत सर्वत्र मिळते. कॅथलिक मठातल्या या आचाऱ्याचे पुस्तक प्रॉटेस्टंट लोकांनीही आपलेसे केले. पंथांच्या भांडणात स्वयंपाकघर बहुधा कोणाच्या लक्षात राहिले नसावे.

कामातली श्रद्धा जशी आहे, तशी काम थांबवण्यातलीही आहे. कॅथलिक गावांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवदूताच्या संदेशाची घंटा होते. वसईकडच्या मराठी ख्रिस्ती गावांतही ही परंपरा आहे. फ्रान्सच्या मिले या चित्रकाराचे 'अँजेलस' हे प्रसिद्ध चित्र याच क्षणाचे आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष आणि एक बाई माना खाली घालून उभी आहेत. दाताळे मातीत रोवलेले, टोपली पायाशी. लहानपणी शेतात काम करताना घंटा ऐकू आली की आजी आम्हांला थांबवून मेलेल्या गरिबांसाठी प्रार्थना करायला लावी, त्या आठवणीतून हे चित्र झाले, असे मिलेने पुढे सांगितले. गिरणीचा भोंगा माणसाला कामावर बोलावतो. ही घंटा त्याला क्षणभर कामातून सोडवते. ज्यांचे आयुष्य भोंग्यावर गेले त्यांना या दोन आवाजांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आठवड्याच्या विश्रांतीचा नियम ख्रिस्ती लोकांना यहुदी धर्मशास्त्रातून मिळाला, आणि त्या शास्त्रात त्याचे जे कारण दिले आहे ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, म्हणून तुमच्या दासदासींनी आणि बैलानेही त्या दिवशी विसावा घेतला पाहिजे, असे तेथे सांगितले आहे. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवून ही मागणी मांडली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. लोखंडे सत्यशोधक होते. त्यांची मागणी ख्रिस्ती धर्मातून आली असे आम्ही म्हणत नाही. रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार. परंतु थकलेल्या शरीराला आठवड्याचा एक दिवस परत मिळवून देणे हे धर्माचेही काम आहे, ही समजूत जगात फार जुनी आहे, एवढेच येथे सांगावयाचे.

आता दुसरा प्रश्न. असा धीर माणसाला गप्प बसवतो काय? भांडी घासता घासता देव भेटत असेल, तर मजुरी वाढवून मागायची कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. हीच शिकवण मालकांनी आणि त्यांच्या मर्जीतल्या धर्मोपदेशकांनी पुष्कळदा सोयीस्करपणे वापरली आहे. म्हणून उदाहरण घ्यायचे ते चळवळीतलेच घेऊ.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. १८३० नंतरच्या काही वर्षांत तेथल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ वर आली, आणि ६ वर आणण्याची भाषा सुरू झाली. मजुरांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा स्वतः शेतमजूर. फावल्या वेळात वाचून शिकलेला, आणि मेथॉडिस्ट पंथाचा बिनपगारी प्रवचनकार. मालकांनी गावच्या धर्मोपदेशकासमक्ष वाजवी मजुरी देण्याचे कबूल केले होते आणि पुढे तो धर्मोपदेशक साक्ष द्यायला तयार झाला नाही, असे लव्हलेसने लिहून ठेवले आहे. १८३३ च्या अखेरीस या मजुरांनी आपली संघटना स्थापन केली. इंग्लंडमध्ये संघटना करण्यावरची बंदी १८२४ मध्येच उठली होती. मग त्यांना पकडावयाचे कसे? सभासद होताना ते शपथ घेत, एवढे धरून, नौदलातल्या बंडानंतर केलेला १७९७ चा बेकायदा शपथांचा कायदा त्यांना लावला. २४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे सहा जणांना अटक झाली, आणि मार्चमध्ये प्रत्येकाला सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांची ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हे धैर्य त्या माणसांत एका दिवसात आले नाही. मेथॉडिस्ट पंथात साधारण डझनभर माणसांचे लहान लहान गट असत. आठवड्यातून एकदा जमायचे, प्रत्येकाने आपली आठवडाभराची हकिकत सांगायची, दुसऱ्याची ऐकायची, आणि पंथाच्या कामासाठी पेनी जमा करायची, अशी रीत होती. शेतमजूर तेथे चार माणसांत उभे राहून बोलायला शिकला, हिशेब ठेवायला शिकला, आजारी सभासदाच्या घरी जायला शिकला. टॉलपडलच्या संघटनेची वर्गणी काय होती? सुरुवातीला एक शिलिंग आणि मग आठवड्याला एक पेनी. ज्याने संघटना बांधली आहे त्याला हे वाचताना ओळख पटते. भाषणांनी संघटना उभी राहत नाही. आठवड्याच्या आठवड्याला पेनी मागायला जाण्याने राहते. ती सवय या माणसांना त्यांच्या रोजच्या धर्माने लावली होती. पंथाच्या वरिष्ठांना असली चळवळ मुळीच पसंत नव्हती, हेही सांगून टाकले पाहिजे.

पुढे काय झाले ते आमच्या चळवळीचा इतिहास आहे. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लाखो सह्यांचे अर्ज गेले, आणि १८३६ मध्ये सरकारला माफी जाहीर करावी लागली. लव्हलेस १८३७ मध्ये परत आला आणि आपली हकिकत लिहून त्याने छापली. सहांपैकी पाच जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले. जेम्स हॅमेट हा एकटा टॉलपडलला राहिला आणि १८९१ मध्ये गरिबांच्या वसतिगृहात वारला. ही मंडळी ज्या झाडाखाली जमत ते सिकॅमोरचे झाड अजून तेथे उभे आहे.

आपल्या महाराष्ट्रातले एक घर याच संदर्भात आठवते. नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावकडे निघाले असता डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. तो प्रवासी कोण, हे पुढे कधीच कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. गाडीच्या डब्यातली एक भेट, आणि तिच्यामुळे एका मराठी कवीचे आणि त्याच्या घराचे सारे आयुष्य बदलले. पण आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती लक्ष्मीबाईंची हकिकत. त्यांना नवऱ्याचे हे धर्मांतर मुळीच मान्य नव्हते. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून. त्या कोणाच्या वादविवादाने बदलल्या नाहीत. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, जेवायला कोणाच्या शेजारी बसावे, या रोजच्या प्रश्नांना तोंड देता देता जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच सोडवला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊक आहे की, त्या पुस्तकात श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारानेच आत येते, आणि पुष्कळदा हसत येते.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. खरे म्हणजे तिच्यामुळेच हा विषय घेतला.

वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या संघटनेने संप केला. कंत्राटी माणसांना कायम करा, ही मागणी. त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एक बुजुर्ग आचारी होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले, दोन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. सगळे त्यांना मामा म्हणत. संप सुरू झाल्यावर फाटकासमोरच्या मांडवात त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह मांडला आणि चहाचे काम अंगावर घेतले. रोज स्टोव्ह पेटवण्यापूर्वी ते डोळे मिटून मिनिटभर उभे राहत. एक दिवस सभा भरलेली असताना आम्ही मोठ्याने म्हणालो, "मामा, डोळे उघडा! तुमचा देव मालकाच्या पगारावर आहे." सगळे हसले. मामा काही बोलले नाहीत. चहा झाला तेव्हा पहिला पेला त्यांनी आमच्याच हातात दिला.

संप लांबला. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मामा आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तीन दिवस झाले, एक नाव घेतो आणि एक पेला उरतो."

आम्हांला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितले. डोळे मिटून ते देवाजवळ काही मागत नसत. मांडवात येणाऱ्या प्रत्येकाचे नाव घेत, एकापाठोपाठ एक, आणि मग तेवढ्या पेल्यांचे आधण ठेवीत. "नाव घेतले की तो माणूस डोळ्यांपुढे येतो. कोणाचे पोर आजारी, कोणाच्या घरी भांडण, ते आठवते. आणि चहाही कमी पडत नाही," असे ते म्हणाले. त्यांनी ज्याचे नाव सांगितले त्याच्या घरी आम्ही दोघे त्याच संध्याकाळी गेलो. तो माणूस तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता; जेवत नव्हता, बोलत नव्हता. त्याची सायकल उधारीत गेली होती. मामा त्याच्या उशाशी बसले. उपदेश त्यांनी केला नाही. उद्या दूध आणायला माझ्याबरोबर कोणी नाही, तू ये, एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो आला.

आमच्या वहीत त्या दिवशीच्या हजेरीचा आकडा बरोबर लिहिलेला होता. कोण आले नाही, याची नोंद वहीत नव्हती. ती मामांच्या प्रार्थनेत होती.

तो संप आम्ही हरलो. जुन्याच अटींवर माणसे कामावर गेली, आणि ज्यांना परत घेतले नाही त्यांत मामाही होते. पुढे दोन वर्षांनी ते वारले. त्या थट्टेबद्दल त्यांची क्षमा मागायची आमच्याकडून राहून गेली. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता राहिली. ब्रदर लॉरेन्सचे पुस्तक त्यानंतर एका वाचनालयात हाती आले. पहिली चार पाने वाचताच आम्हांला रॉकेलच्या स्टोव्हचा वास आला. ज्या माणसाला मामांनी दूध आणायला बोलावले तो आज आमच्या संघटनेचा खजिनदार आहे. वर्गणी मागायला तो अजूनही सभासदांच्या घरी जातो, आणि घरातल्या माणसांची नावे त्याला पाठ असतात.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे असे. श्रद्धा गप्प बसवते काय? बसवू शकते. मजुरीऐवजी श्रद्धा देऊ करणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून सावध राहावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. भाकरीची भूक भाकरीनेच भागते. ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या प्रार्थनेतही आजच्या दिवसाची भाकर स्पष्ट शब्दांत मागितलेली आहे. परंतु जी श्रद्धा कामाच्या जागी, शेजारच्या माणसाकडे नीट पाहायला शिकवते, ती चळवळीची वैरी नाही. संप चाळीस दिवस चालतो तेव्हा घोषणा पहिल्या दहा दिवसांत थकतात. पुढचे तीस दिवस माणसे एकमेकांच्या आधाराने काढतात, आणि तो आधार चहा, दूध, उधारीची सायकल असल्या लहान गोष्टींतूनच पोचतो. ख्रिस्ती माणूस त्यांत ख्रिस्त पाहतो. ज्याला तसे पाहता येत नाही त्यालाही तो पेला गरमच लागतो.

आमच्यापुरते सांगायचे तर आम्ही अजूनही प्रार्थना करीत नाही. मात्र सभेला जाण्यापूर्वी, टेबलाशी बसून, यायची असलेल्या माणसांची नावे एकदा मनात घेतो. ही सवय मामांची आहे. ज्यांच्याजवळ ती कबूल करावयास हवी होती ते आता नाहीत, म्हणून ती आज आपणां सर्वांपुढे कबूल करतो.